एका पत्रिकेची दोन माणसं

हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये काम करणाऱ्या त्या बाईला घरात सगळे धाकटी म्हणत. केस पांढरे व्हायला लागले तरी म्हणत. ज्याच्यामुळे ती धाकटी ठरली तो भाऊ तिच्याआधी, कपातला चहासुद्धा निवणार नाही इतकाच वेळ, जगात आला होता. तेवढ्या भांडवलावर त्याला जन्मभर मोठा हे नाव मिळालं. दोघं जुळी. आई गमतीनं सांगायची, "हा रडत आला, आणि ही त्याच्या मागोमाग आली ती कोण रडतंय ते बघायला."

वडील घड्याळं दुरुस्त करत. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी, एक दिवा आणि एका माणसाला गुडघे दुमडून बसता येईल एवढी जागा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे उजव्या डोळ्याभोवती कायमचं वर्तुळ उमटलेलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत, पोरंही. अतिशय सरळमार्गी, नाकासमोर चालणारा माणूस. कधी कुणावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पण भित्रे. आणि त्या भित्रेपणाला कारण होतं.

आप्पांचा पाठचा भाऊ रंगाच्या कारखान्यात होता. तिथं आग लागली आणि तो गेला. त्याला ओळखायला आप्पांना जावं लागलं होतं. मनगटावरचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त करून दिलेलं, त्यावरून ओळखलं. त्यानंतर त्यांच्या दुकानात एक म्हातारे शिक्षक यायचे, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. मास्तरांनी गेलेल्या भावाची पत्रिका मांडली आणि म्हणाले, "हे बघा, शनी आणि मंगळ अगदी समोरासमोर. प्रतियोग. हे आधी कुणी बघितलं असतं तर त्याला आगीजवळ जाऊ दिलं नसतं." झालं. ते वाक्य आप्पांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. आपण आधी बघितलं असतं तर. त्या दिवसापासून ते ज्योतिष शिकायला लागले. घड्याळ उघडावं तशी पत्रिका उघडायची, कुठलं चाक कुठं अडतंय ते शोधायचं.

आणि वर्षभरात जुळी झाली. आप्पांनी मुलाची पत्रिका मांडली. लग्नी, म्हणजे पहिल्या घरात मंगळ, आणि समोर सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या घरात शनी.

ते तसेच उठून मास्तरांकडे गेले. मास्तरांनी बराच वेळ कागद न्याहाळला. मग म्हणाले, "मंगळ म्हणजे आग, लोखंड, धार, रक्त. त्याला धावायचं असतं. शनी म्हणजे दगड, हाडं, उशीर, अडकाठी. तो धावू देत नाही. आता दोघं एकमेकांच्या डोळ्यात डोळे घालून बसलेत. म्हणजे काय होणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आत सगळं साठत जाणार. कधीतरी बाहेर येईल, तेव्हा एकतर दुसऱ्याचं मोडेल, नाहीतर याचं स्वतःचं."

आप्पांनी विचारलं, "उपाय?"

"याला कष्टाचं काम द्या. लोखंडाशीच झुंजू द्या. ज्याला हातोडा मिळाला तो डोकं आपटत नाही."

मास्तरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आप्पांनी पहिली तेवढी घरी आणली. ज्यानं जळलेल्या भावाचं मनगट बघितलंय, तो आपल्या पोराच्या हातात आग कशी देईल? आईनं मात्र तेव्हाच सुनावलं होतं, "अहो, पोरगं आहे ते. बॉम्ब नाही."

पण घर त्या दिवसापासून बॉम्ब सांभाळावा तसंच चालायला लागलं. मोठ्याला सुरीला हात लावायला बंदी. स्टोव्हजवळ जायला बंदी. सायकल नाही, पोहणं नाही, गच्चीवर जाणं नाही. शाळेत मारामारी झाली आणि दुसऱ्या पोराच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा आप्पांनी त्याला मारलं नाही, रागावलेही नाहीत. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मोठा नंतर बहिणीला म्हणाला, "मारलं असतं तर बरं झालं असतं गं. ते असे बघतात ना, जसं काही मी अजून काहीतरी करणार आहे."

घरातली सुरी, स्टोव्ह, हातोडी, खिळे, सगळं मग धाकटीकडे आलं. फळीला खिळा ठोकायचा तर ती स्टुलावर चढायची आणि मोठा खाली उभा राहून स्टूल धरायचा. शेजारणी हसायच्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." धाकटीला त्यात मोठेपणा वाटायचा. बारा-तेरा वर्षांची असताना एकदा ती आप्पांना डबा द्यायला दुकानात गेली. तिथं बसल्या बसल्या तिनं सहज विचारलं, "आप्पा, मोठ्याची पत्रिका तुम्ही सारखी काढून बघता. माझी कुठाय?"

आप्पा भिंगातून एका बायकी घड्याळाचं पोट बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझी वेगळी कशाला मांडायची? तीच तुझी."

धाकटी जिना चढून वरच्या पायरीवर जाऊन बसली. म्हणजे जे त्याचं ते माझंही. मग मला सुरी कशी चालते? मला स्टोव्ह कसा चालतो? तिला आधी भीती वाटली, आणि मग भीतीच्या मागून वेगळंच काहीतरी आलं, ज्याला तेव्हा तिच्याकडे नाव नव्हतं. मोठ्याचं बरंवाईट होऊ नये म्हणून घर त्याच्याभोवती कुंपण घालून बसलं होतं. तिच्यासाठी कुणी काठीसुद्धा रोवली नव्हती.

मोठा अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं घरात न सांगता एका गॅरेजमध्ये काम धरलं. ट्रकचे सांगाडे जोडायचं गॅरेज. तिथं त्याला वेल्डिंग शिकायला मिळालं. घरी सांगायचा की मित्राकडे अभ्यासाला जातो. धाकटीला खरं ठाऊक होतं, कारण त्याच्या शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं पडायची आणि ती शिवायचं काम तिच्याकडे होतं. त्या दिवसांत तो भरपूर जेवायचा, शीळ घालायचा. आईच्या मागं लागून तिला हसवायचा. आई म्हणायची, "याला झालंय तरी काय? कुणी मुलगी आहे का?" धाकटी मान खाली घालून दोरा ओवायची.

आप्पांना कुणीतरी सांगितलं. ते दुकान बंद करून थेट गॅरेजमध्ये गेले. मोठा तोंडावर काच धरून ट्रकच्या खाली बसला होता. आप्पांनी त्याला हाक मारली नाही. ते मालकाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, याला इथून काढा. याच्या पत्रिकेत शनी-मंगळाचा प्रतियोग आहे. माझा भाऊ असाच गेला. आग लागली तर तुमचंही नुकसान होईल."

मालक काही फार श्रद्धाळू नव्हता. पण गॅसच्या टाक्या भिंतीला टेकवलेल्या, बाजूला पेट्रोलचे डबे, आणि समोर एक बाप डोळ्यात पाणी आणून आगीचं बोलतोय. असं कानावर पडल्यावर कोण ठेवून घेईल? त्यानं मोठ्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "घरी जा बाबा. तुझे वडील घाबरलेत. आता मलाही सुचायचं नाही."

तिथं काम करणारी इतर माणसं ऐकत होती. ती गोष्ट मग त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजमध्ये पोचली. काही दिवस मोठा दारोदार फिरला. सगळीकडे एकच: "तू तोच ना, ग्रहवाला?" चेष्टेत म्हणायचे, पण घेत नव्हते.

मोठा घरी आला आणि आप्पांशी बोलायचा बंद झाला. भांडला नाही. ताट समोर आलं की जेवायचा, ताट उचलायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. आप्पांना वाटलं, पोरगा शहाणा झाला. त्यांनी ओळखीनं त्याला कापडाच्या गोदामात लावून दिलं. कापडाचे तागे रचायचे, चिठ्ठ्या लावायच्या, पावसाळी हवेत ओल धरली नाही ना ते बघायचं. खिडक्या उंचावर, उजेड पिवळा, आणि दिवसभर कापडाचा कोंदट वास. ज्या दोन हातांना ट्रकचा सांगाडा उचलायचा होता त्यांत चिठ्ठ्या आणि गोंदाची बाटली आली. मोठा तिथं वर्षानुवर्षं राहिला.

धाकटीची गोष्ट वेगळी. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे तिचं बरं झालं. हॉस्पिटलात आधी ती सामान पोचवायला लागली, मग हाडांच्या डॉक्टरांनी तिचे हात बघितले आणि प्लास्टर-रूममध्ये घेतलं. ते काम सुईणीसारखंच अंगमेहनतीचं आणि हळुवार. मोडलेला हात एकानं धरून ताणायचा, तो ताण सोडायचा नाही. कापूस गुंडाळायचा, प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरायची, पिळून भरभर फिरवायची आणि तळव्यानं चोपडी करायची. पोरं ओरडायची, बाप्ये शिव्या द्यायचे. धाकटी ताण सोडायची नाही. डॉक्टर म्हणायचे, "या बाईच्या हातात पाना आहे."

ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. पेशंट घाबरतात, भाजतंय म्हणतात. ती समजावायची, "त्याशिवाय कडक नाही होत. थोडं सोसा."

तिच्यासाठी स्थळं आली. एकजण तिलाही आवडला होता, छापखान्यात कामाला होता, हसरा होता. पण ती सातव्या घरातल्या शनीची गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. तिनंच त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसून म्हणाला, "माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास." तिला वाटलं, माझा तरी कुठं आहे? पण तिनं नकार कळवला. का कळवला ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या घरात आपल्यामुळे काही मोडलं तर, एवढंच वाटत राहिलं. पुढं आई गेली, आणि मग विषय निघेनासाच झाला.

मोठ्याचं लग्न मात्र आप्पांनी लावून दिलं. मुलगी शांत स्वभावाची बघितली, मुद्दाम. जागा पुरेना म्हणून धाकटी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली, अधूनमधून घरी यायची. वहिनी शिलाईकाम करायची. तिचं यंत्र खिडकीपाशी असायचं आणि ती स्वतःशी गुणगुणत शिवायची. पहिली काही वर्षं बरी गेली. मग वहिनीनं गुणगुणणं सोडलं. धाकटीला ते जाणवलं, पण कारण विचारायचं राहून गेलं. ड्यूटी असायची, थकवा असायचा. खरं म्हणजे तिला विचारायचं नव्हतं.

एका सकाळी प्लास्टर-रूमच्या दारात वहिनी उभी राहिली. डावा हात ओढणीत बांधलेला, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट. धाकटीला बघून ती एकदम थबकली. धाकटीची ड्यूटी त्या वारी दुपारची असायची. आयत्या वेळी बदलली होती. धाकटी नसेल अशी वेळ धरून वहिनी आली होती.

"बाथरूममध्ये पाय घसरला," वहिनी म्हणाली.

धाकटीनं एक्स-रे उजेडाला धरला. घसरून पडलेला माणूस हात टेकतो, त्याचं मनगटापाशी मोडतं. असले हात तिनं आठवड्याला कितीतरी बघितले होते. हे करंगळीच्या बाजूचं हाड होतं आणि मधोमध मोडलं होतं. डोक्यावर काही येतंय म्हणून माणूस हात आडवा धरतो, तेव्हा हे असं मोडतं. डॉक्टरांनीही ते बघितलं होतं. त्यांनी कागद देताना नुसतं म्हटलं, "नीट चौकशी कर."

"बस," धाकटी म्हणाली.

तिनं हात धरला, ताणला, कापूस गुंडाळला. वहिनीनं ओठ दाबून धरले होते, हूं का चूं केलं नाही. सरावलेली होती. पट्टी फिरवता फिरवता धाकटीनं हळूच विचारलं, "कशानं मारलं?"

वहिनीनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "खुर्चीच्या पायानं. तुटलेला होता, दुरुस्त करायचा म्हणून ठेवला होता. मी म्हटलं, तुम्हाला काय जमणार, सुताराला बोलवते." मग ती म्हणाली, "नंतर ते स्वतःच रडले, ताई. कोपऱ्यात बसून. मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं."

"आधी कधी?"

वहिनीनं डोळे मिटून घेतले. प्लास्टर गरम व्हायला लागलं होतं. धाकटीनं दोन्ही तळव्यांनी ते धरून ठेवलं, कडक होईपर्यंत, आणि त्यानंतरही.

ड्यूटी अर्धवट टाकून ती आप्पांच्या घरी गेली. गोदामाला सुटी असल्यामुळे मोठा घरीच होता, पलंगावर बसला होता. आप्पा आता दुकानात जात नसत. खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर कुणाचं तरी घड्याळ घेऊन बसले होते. खुर्चीचा तो मोडका पाय अजून दाराआड पडला होता.

"वहिनीचं हाड दोन ठिकाणी सरकलंय," ती म्हणाली. दोन ठिकाणी नव्हतं. तिला आकडा वाढवून सांगावासा वाटला.

मोठा जमिनीकडे बघत राहिला. बोलले ते आप्पा. आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून धाकटीच्या अंगावर काटा आला, कारण त्यात दुःखाबरोबर सुटका होती. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते एकदाचं दारात आलं, अशी.

"मी सांगत होतो," आप्पा म्हणाले. "सप्तमातला शनी. त्याचा दोष नाही गं. ग्रहच तसे पडलेत."

"ग्रहांनी खुर्चीचा पाय उचलला?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला नाही कळत? आप्पा, मी त्याच घटकेला जन्मले. माझाही मंगळ लग्नीच आहे, माझाही शनी समोरच आहे. मी कुणाचं हाड मोडलं? दिवसभर दुसऱ्यांची जुळवते मी. तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघितलंत?"

आप्पांनी खरंच विचार केला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तुझं जे व्हायचं ते तुझ्या सासरी झालं असतं. मला वाटलं, तिथले बघतील."

धाकटी वळली आणि मोठ्याजवळ गेली. "हात दे," म्हणाली. त्यानं मुकाट्यानं पुढं केला. तिनं त्याचं मनगट एका हातानं आणि कोपर दुसऱ्या हातानं धरलं, रोज धरते तसं. आणि पिळलं. तिला नेमकं माहीत होतं हाड कुठं मोडतं. मोठ्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, पण त्यानं हात ओढून घेतला नाही. उलट म्हणाला, "मोड. मोड गं धाकटे, एकदाचं."

त्या क्षणी तिला मोडायचं होतं. वहिनीसाठी नव्हे. जिन्यावर बसलेल्या त्या पोरीसाठी, छापखान्यातल्या त्या हसऱ्या माणसासाठी, आप्पांच्या त्या शांत तोंडासाठी. आपल्या हातात इतकं आहे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिनं हात सोडला. मोठ्याच्या मनगटावर तिची बोटं उमटली होती.

आप्पा म्हणाले, "बघितलंस?"

ती बाहेर पडली.

वहिनी परत आली नाही. तिची बहीण येऊन शिलाईयंत्र घेऊन गेली. मोठ्यानं ते स्वतः खाली उतरवून दिलं, आणि त्याच आठवड्यात तोही घर सोडून गेला; धाकटी आप्पांपाशी राहायला परत आली. मोठा गेला तिथं, दूर समुद्रकाठी, जुन्या बोटी फोडायचा धंदा चालतो. किनाऱ्यावर ओढून आणलेल्या बोटी गॅसच्या ज्योतीनं कापायच्या, पत्रे सुटे करायचे, वाहून न्यायचे. तिथं कुणी कुणाला ग्रह विचारत नाही. तिथं कुणी काहीच विचारत नाही.

धाकटी एकदा त्याला भेटायला गेली होती. किनाऱ्याची वाळू तेलानं काळी पडलेली, आणि चाळीइतकी उंच बोट मधोमध कापलेली, आतले जिने, खोल्या, संडाससुद्धा उघडे पडलेले. मोठा तिच्याकडे चालत आला तेव्हा तिनं त्याला आधी ओळखलंच नाही. तो वाळला होता, काळवंडला होता, एक भुवई जळालेली होती. तरी चालण्यात एक मोकळेपणा होता, गॅरेजच्या दिवसांतला. त्यानं तिला चहा पाजला. दोघं एका गंजक्या साखळीवर बसली. त्या साखळीची एक-एक कडी माणसाच्या मांडीएवढी होती.

"झोप लागते का?" तिनं विचारलं.

"मेल्यासारखी." तो हसला. "राग यायलाच वेळ नाही. आला की पत्र्यावर काढतो."

"वहिनीला भेटलास?"

त्यानं चहाचा कप वाळूत ठेवला. मग म्हणाला, "कोणत्या तोंडानं? इथं आलो म्हणून मी चांगला झालो असं नाही गं. तिचा हात तर मोडलाच ना." तो पुढं म्हणाला, "कधी कधी वाटतं, त्या गॅरेजमध्ये राहिलो असतो तर मोडला नसता. आणि कधी वाटतं, तरीही मोडला असता. तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. ते खरं होतं. त्या दिवशी त्याचं मनगट हातात होतं तेव्हापासून तिला स्वतःबद्दलही माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात एक अवजड पत्रा वेळेआधी सुटला. खाली तीन माणसं होती. दोघं बाजूला पळाली. फोन हॉस्पिटलवर आला, कारण मोठ्यानं नंबर तिथलाच देऊन ठेवला होता. तेव्हा धाकटीच्या हातात एका शाळकरी मुलीचा पाय होता. तिनं फोन खांद्याला धरून ऐकलं, पट्टी पूर्ण केली, मुलीला पाय पाण्यात घालू नको म्हणून सांगितलं, आणि मग खाली बसली.

संध्याकाळी तिनं वहिनीला कळवलं. मग वहिनी म्हणाली, "मला रडू येत नाहीये, ताई. चालेल ना?"

"चालेल," धाकटी म्हणाली.

आप्पांना सांगताना तिनं मनाची तयारी केली होती. ते म्हणतील, लोखंड होतं ना? ते म्हणतील, मी म्हटलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली एवढंच, असं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पण आप्पा काही म्हणाले नाहीत. त्यांनी मांडीवरचं घड्याळ बंद केलं आणि धाकटीकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं, पूर्ण. मोठ्याकडे बघायचे तसं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली तर आप्पा दारात उभे. "जाऊ नकोस," म्हणाले. "तिथं करवत आहे."

"प्लास्टर कापायची करवत आहे आप्पा. ती नुसती थरथरते. कातडीला लावली तरी कापत नाही."

"तरी लोखंडच."

हीच नजर तिनं जिन्यावर बसून मागितली होती. इतक्या वर्षांनी ती मिळाली, आणि ती गळ्याभोवती येऊन बसली. आप्पांनी स्वयंपाकघरातली सुरी लपवली. गॅस दिवसातून दहादा तपासला. ती रस्ता ओलांडताना खिडकीतून हाका मारल्या. शेवटी तर ते तिच्या पाठोपाठ हॉस्पिटलात यायला लागले. प्लास्टर-रूमबाहेरच्या बाकावर, मोडक्या हातापायांच्या रांगेत, दिवसभर बसून राहायचे. नव्या नर्सेस त्यांना पेशंट समजून नाव विचारायच्या. धाकटीनं समजावलं, ओरडली, एकदा हात धरून घरी पोचवून आली. ते पुन्हा आले.

एका दुपारी त्या बाकावरून उठताना ते पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. खुब्याला प्लास्टर चालत नाही. ऑपरेशन झेपेल असं हृदय नव्हतं. डॉक्टरांनी पायाला वजन बांधून पडून राहायला सांगितलं. धाकटीनं रजा घेतली आणि त्यांचं सगळं केलं. कूस बदलणं, पाठ पुसणं, भरवणं. त्या उताण्या पडलेल्या दिवसांत आप्पा छताकडे बघत असायचे. मनातल्या मनात मांडत असायचे बहुतेक, कारण बोटं हलायची.

एकदा दुपारी ते म्हणाले, "तुला काही होत तर नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत. कसंतरी. दाबल्यासारखं."

धाकटी त्यांच्या उशाशी बसली होती. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "राग येतो," ती म्हणाली. "रोज येतो. सकाळी उठल्यापासून."

"कुणाचा?"

"तुमचा, आप्पा."

आप्पांनी ते नीट ऐकलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. त्यांनी सावकाश मान हलवली, दुखण्याचं निदान पटावं तशी.

"मंगळ आहे तो," ते म्हणाले. मग ओठांवरून जीभ फिरवली आणि पाण्यासाठी हात पुढं केला.

धाकटीनं त्यांच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं, आणि भांडं त्यांच्या ओठांना लावलं.